नांदेडपुरतं नेट

कळमनुरीत मोबाईलच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभी होती. बाहेर जीपच्या मागच्या सीटवर तिचा नवरा पडलेला, अंगात नुसती हाडं उरलेली. ती हातातल्या फोनची काच पदरानं पुन्हा पुन्हा पुसत होती.

“किती नेट टाकू?” दुकानदारानं विचारलं.

“नांदेडच्या दवाखान्यात चाललो आमी. कुस्त्या बघत राहिले की ह्यायला तकलीफ कळत न्हाई. तिथवर पुरंल एवढं टाका.”

मला नको तिथं शहाणपणा करायची खोड. म्हटलं, “मावशी, मोठा पॅक घ्या. येताना पण लागेल की.”

तिनं आधी जीपकडं पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाली, “येताना ह्यायला न्हाई लागणार, दादा.”

दुकानदाराचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला.

तेवढ्यात जीपमधून क्षीण हाक आली, “येतानाचं बी टाक गं!”

“टाकलं, टाकलं!” ती केवढ्यांदा ओरडली. मग दुकानदाराला हळूच म्हणाली, “टाका आता मोठंच. घडीघडी बघतेत ते, किती राहिलंय म्हणून.”