प्रवासी एक, चेहरे दोन

आता हा प्रकार तुम्हाला सांगावा की नाही, यावरून घरात भांडण झालंय. बायको म्हणते, "कायले चारचौघात आपलीच इज्जत काढता?" पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका. फक्त मधे हसायचं नाही. कारण ज्या वेळी हे घडलं, त्या वेळी माझी बोबडी वळली होती!

मी किन्हीराजाचा. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवायंडिंग करतो, म्हणजे आतली तार नव्यानं भरून देतो. त्यामुळे मशीन म्हटलं की माझी मान ताठ. कोणी भुताखेताचं बोललं की मी म्हणायचो, "टेस्टर लावून पाह्य बरं, करंट आहे का त्याच्यात!" असा माझा तोरा.

पोरगी पल्लवी आफ्रिकेत असते, जावई तिकडे नोकरीला. देश कोणता ते विचारू नका, नाव सांगितलं तरी आमच्या गावात सगळे आफ्रिकाच म्हणतात. तिचं पहिलं बाळंतपण आलं. फोनवर म्हणाली, "पप्पा, तुमाले व्हिसा लागत नाई." मी खूश! मग हळूच म्हणते, "पन निघायच्या आधी ऑनलाइन परवानगी काढा लागते. थे नसली तर विमानातच बसू देत नाई."

म्हणजे बघा, व्हिसा नको, पण बिनव्हिशाचा येतो याची परवानगी हवी! कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हो हे?

त्यात पितृपक्ष चालू. पण बाळ काय पंचांग बघून येतं? माझी बायको शोभा शहाणी. वाशीमला जाऊन स्टुडिओत फोटो काढला आणि तिची परवानगी लगेच आली. मी म्हणालो, "फोटोसाठी वाशीमले काहून जा लागते? फोन आहे ना हातात."

"पाहा बाप्पा," ती म्हणाली. "तुमची नाई आली तर मी एकटी नाई जात. आन् लेकीजवळ कोनी नसलं, तर तुमचं तोंड नाई पाहनार मी."

तर एका दुपारी मी अंगणात, घराच्या पांढऱ्या भिंतीला पाठ करून उभा राहिलो. भिंतीत मागच्या खोलीची खिडकी. शोभा तिथीच्या भाज्या आणायला गेलेली. दुसऱ्या दिवशी आमच्या आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची तिथी होती. घरात चिटपाखरू नाही. लाइट गेलेली, खिडकीच्या आत काळाकुट्ट अंधार.

स्टुलावर तांब्या, तांब्याला टेकवून फोन. नियम असे की टोपी नको, चष्मा नको, हसायचं नाही. चष्मा काढला की मला समोरची म्हैस आणि मोटारसायकल सारखीच दिसते. टायमर लावला, उभा राहिलो. फोन गुरगुरला. चष्मा लावून वाचतो तर लाल अक्षरात लिहिलेलं: एकापेक्षा जास्त चेहरे दिसत आहेत. फक्त प्रवाशाने समोर थांबावे.

मी आजूबाजूला पाहिलं. अंगणात मी एकटा!

पुन्हा केलं. पुन्हा तेच. वारा पडलेला, कडुलिंबाचं पान हलत नव्हतं. कुंपणावर एक कावळा बसून माझ्याकडे मान वाकडी करून बघत होता. आणि आमचं कुत्रं, जे चोर आला तरी झोपून राहतं, ते माझ्या खांद्यावरून मागे बघत गुरगुरायला लागलं.

हसू नका म्हटलं ना!

मी पल्लवीला व्हिडिओ कॉल लावला. "अवं, हे मशीन बिघडलं दिसते. दोन चेहरे म्हनते."

ती डोळे बारीक करून बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा... तुमच्या मागं कोन उभं आहे?"

आणि रेंज गेली.

आता काय सांगू तुम्हाला! मान मागे वळेना. मागच्या खोलीत डोकावून बघायला हवं होतं, एवढं मला आज कळतं. त्या वेळी पाय जमिनीतून उपटून काढावे लागले. तसाच चपला विसरून शेजारच्या सुधाकरकडे गेलो. सुधाकर म्हणजे लहानपणापासूनचा दोस्त, आणि गावातल्या सगळ्या भुतांचा त्याच्याकडे हिशोब.

त्यानं सगळं शांतपणे ऐकलं. "उद्या आबाची तिथी ना?"

"हो."

"काही इच्छा राह्यली होती का त्याईची?"

राहिली होती. आबांना विमानाचं भारी वेड. वखर चालू असताना वरून विमान गेलं, की बैल थांबवून ते दिसेनासं होईपर्यंत बघत बसायचे. अकोल्याच्या पुढे कधी गेले नाहीत. शेवटच्या आजारपणात मला म्हणाले होते, "एकडाव बसवजो रे मले." मी हो म्हणालो, आणि राहूनच गेलं. खरं सांगतो, त्या वेळी भीतीपेक्षा वाईटच जास्त वाटलं.

"कावळा घास शिवत नाई तवा काय करता?" सुधाकर म्हणाला. "शबूद देता ना? मंग दे. त्याईले यायचं हाय तुयासंगं."

"फोनसमोर शबूद देऊ?"

"जथी अडलं तथीच द्या लागते, लेका!"

परत आलो. चष्मा काढला, टायमर लावला. मोटारी भरणारा, टेस्टरवाला मी, भर दुपारी हात जोडून बोललो, "आबा, चुकलं माह्यं. चला, तुमालेबी नेतो विमानात. पन आता एकट्याचा फोटो येऊ द्या." आणि कमरेत वाकून जमिनीपर्यंत नमस्कार केला.

टिंग!

वर बघतो तर फोनवर हिरवं हिरवं काहीतरी. एकच चेहरा! चष्मा शोधायचंही भान नव्हतं. अंगठ्यानं दिसेल ते बटण दाबत सुटलो. अर्ज गेला.

दुसऱ्या दिवशी तिथी. पान छपरावर ठेवलं आणि ठेवल्याठेवल्या कावळा आला. दरवर्षी तासभर काव काव करायला लावतात ना, यंदा माझा हात मागे यायच्या आधीच घास उचलला. त्याच क्षणी खिशात फोन वाजला. परवानगी आली होती!

मी आनंदानं उघडली. नाव माझं. पासपोर्टचा नंबर माझा. आणि फोटोत, डोळे रोखून माझ्याकडे बघणारे, आबा.

मी छपरावरच बसलो. खाली शोभा ओरडत होती, "अवो, काय झालं?" मी फोन दाखवला. तिनं पाहिलं, आणि भीती राहिली बाजूला, ती कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "अवो, मामाजीचा फोटो त म्या काल धुऊन पुसून खिडकीत ठेवला होता वाळाले! हार काढून!"

आलं लक्षात? खिडकीत आबा, पुढे मी. मी नमस्काराला वाकलो, तेव्हा कॅमेऱ्यासमोर उरलं कोण? टोपी नाही, चष्मा नाही, आणि हसणं तर आबांना जन्मात जमलं नाही. सगळे नियम पाळणारा तो एकटाच माणूस!

पल्लवीला फोन केला. आधी ती हसली, मग रडकुंडीला आली. "पप्पा, एकडाव परवानगी आली की दुसऱ्या अर्जाले लय दिवस लागतात. विमान परवा आहे! आता तसेच निघा."

विमानतळापर्यंत मी एक घास खाल्ला नाही. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर प्रवास करतोय, पकडलं तर काय सांगू? नमस्कार करत होतो म्हणून? शोभा माझ्याकडे बघत नव्हती. मला अडवलं, तर लेकीचं बाळंतपण परक्या देशात आईशिवाय होणार होतं, आणि ते माझ्या तोऱ्यामुळे.

काउंटरवर पोरगी होती. तिनं शोभाचं सगळं पटकन केलं. मग माझं स्क्रीनवर उघडलं. फोटो पाहिला. मला पाहिलं. परत फोटो पाहिला. माझा घाम हनुवटीवरून टपकत होता.

"काका," ती म्हणाली, "हा फोटो तुमचाच?"

"आमच्याच घरचा," मी म्हणालो.

ती गोड हसली आणि मला विमानाचा पास दिला.

"चेहरा जुळतोय, काका. पण पुढच्या वेळी ताजा फोटो लावा. यात तुम्ही बरेच तरुण दिसता!"

तो फोटो आबांच्या शेवटच्या आजारपणातला. तेव्हा ते चौऱ्याऐंशीचे होते.