बॉथेलच्या घरातली जुनी फर्नेस

आमचे हे खुर्चीत तसेच बसलेले होते. चहा मांडीवर सांडला होता. मी म्हटलं, "अहो, चहा सांडलाय." खांदा हलवला तर मान कलली.

सुमन, तू फोनवर दोनदा विचारलंस, नेमकं काय झालं. माझी शाळा चौथीपर्यंतची. जमेल तसं लिहिते.

माझ्या मिलिंदने आम्हाला गावाहून अमेरिकेत बॉथेलला आणलं त्याला सहा वर्षं झाली. इथे त्याने अंगण खणून नळ्या पुरल्या. जमिनीतली ऊब पंपाने घरात येते. फार थंडीत पंप कमी पडला तर घर तापवायची गॅसवरची जुनी भट्टी, फर्नेस, आपोआप लागते, म्हणून तीही ठेवली. दोन हिवाळे ती लागलीच नाही, म्हणून कोणी तपासलीही नाही. तिच्या धुराड्यात पक्ष्यांनी घरटं केलं होतं, हे नंतर कळलं.

हे रोज कुरकुरायचे. "जमिनीतली ऊब म्हणे! माझे पाय बर्फ झालेत."

"मग मोजे घाला," मी म्हणायची.

स्वयंपाकघराबाहेर छताला धुराचा अलार्म होता. मिरचीची फोडणी घातली की कोकलायचा. मी झाडूच्या दांड्याने तो काढला आणि डाळींच्या खणात टाकला. नात म्हणाली, "आजी, डोंट! तो गॅससाठी पण आहे." मी म्हटलं, "तू शाळेत जा." मिलिंदला सांगितलं नाही.

त्या सकाळी कडक गारठा होता. सगळे बाहेर गेल्यावर यांनी भिंतीवरचा तापमानाचा आकडा वाढवला. फर्नेस लागली. हे खूश. "आता कसं घर वाटतंय!"

माझं डोकं दुखायला लागलं. कचरा टाकायला बाहेर गेले, तिथे बरं वाटलं, म्हणून मागच्या पायरीवर बसून राहिले. आपली आई सांगायची, धूर कोंडला की आधी दार उघड. पण चुलीचा धूर डोळ्यांना झोंबायचा. फर्नेसच्या या कोंडलेल्या विषारी गॅसला ना रंग, ना वास. परत येताना मी दार लावून घेतलं, ऊब जाऊ नये म्हणून.

आत हे खुर्चीत तसे दिसले, तेव्हा मिलिंदला फोन केला. "आई, बाहेर हो! आत्ता!" मी यांना ओढत दारापर्यंत आणलं. पुढे जोर पुरला नाही.

मिलिंदने बोलावलेल्या फायरवाल्यांनी, म्हणजे बंबवाल्यांनी, अलार्म कुठे आहे विचारलं. मी खण उघडून दाखवला. मिलिंद बघत होता. तो आजही फर्नेसबद्दल बोलतो, अलार्मबद्दल बोलत नाही.

तू गावी परत ये म्हणतेस. तिथे येऊन यांच्या बहिणींना काय सांगू? इथे निदान सगळ्यांना माहीत आहे. म्हणून इथेच राहते.

त्या दिवशी घरात आम्ही दोघं होतो. मी वाचले.