समोरच्या काकांचं मेडिकल

पनवेल तालुक्यात चाळिशीच्या आतला असा माणूस सापडणं कठीण, ज्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांनी निदान एकदा तरी रडवलं नसेल. काका सरकारी आरोग्यसेवक होते. कर्नाळ्याच्या पायथ्यापासून खाडीकाठच्या वस्त्यांपर्यंत सायकल हाणत त्यांनी उभा जन्म पोरांना लसी टोचण्यात घालवला. निवृत्त होऊन खांदा कॉलनीत आले तरी त्यांची नजर माणसाच्या चेहऱ्याआधी डाव्या दंडाकडे जायची. नाव विसरतील, दंडावरचा वण विसरायचे नाहीत. खारघरच्या एका लग्नात स्टेजवर नवरदेवाला पाकीट देताना ते भर गर्दीत म्हणाले, "ह्याचा तिसरा डोस राहिला होता. पोटमाळ्यावर लपून बसला होता हा." नवरदेव लाजून लाल झाला. त्याच्या आईने मात्र डोक्यावरचा पदर सावरत आनंदाने हाक मारली, "अवो डॉक्टर, तुमी हाय का ते!" लसीचा जुना निळा डबाही काकांनी जपून ठेवला होता आणि दर रविवारी त्यातूनच ते मासे आणायचे. पापलेट घेण्याआधी बर्फात बोट खुपसायचे आणि बर्फ किती वाजता भरला, याची चौकशी करायचे. कोळीण एकदा वैतागून म्हणाली, "काका, म्हावरा हाय ह्यो, लस नाय!" काका शांतपणे म्हणाले, "तापमान ते तापमान."

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा डब्यात नव्हता, खरं बोलण्यात होता. तरुणपणी त्यांना टीबी झाला होता. गावोगाव टीबीच्या गोळ्या वाटता वाटता स्वतःलाच झाला. दीड वर्ष एकही डोस न चुकवता ते बरे झाले आणि त्यानंतर ही गोष्ट त्यांनी भेटेल त्याला सांगितली. मुलगी बघायला गेले तेव्हा पोह्यांची बशी पुढे आल्याबरोबर मुलीच्या वडिलांना म्हणाले, "मला टीबी होऊन गेलाय. कोर्स पूर्ण केलाय. आता पोहे द्यायचे तर द्या." वडील गार पडले. मुलगी आतून म्हणाली, "दीड वर्ष ज्याने गोळी चुकवली नाही, तो संसार काय चुकवणार?" त्याच आमच्या काकू. लग्नानंतरच्या चाळीस वर्षांत हे दोघं माहेरपणाचे चार दिवस सोडले तर वेगळे राहिले नव्हते.

त्यांची एकुलती एक लेक अमेरिकेत असते. तिने आईवडिलांच्या तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला, तो वर्षभराने पुढे सरकला आणि मुंबईला ठरावीक डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घ्यायची वेळ आली. लेकीला दिवस गेले होते. बाळंतपणाआधी दोघांनी मिळून पोचायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. तपासणीसाठी लसींचे पुरावे लागतात हे कळल्यावर काका खजील झाले. अख्ख्या तालुक्याला "कार्ड कुठंय?" म्हणून दरडावणाऱ्या माणसाकडे स्वतःच्या एकाही लसीचा कागद नव्हता. "म्हणजे सगळ्या नव्याने टोचून घ्या," काकू म्हणाल्या, "फिटू दे एकदाचे पोरांचे शाप!"

मी त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. काका भलतेच खुशीत होते. लस देणाऱ्या नर्सला त्यांनी बाटली कुठल्या तापमानात ठेवली, मुदत कधी संपते आणि सुई किती अंशांत धरणार, हे विचारलं. ती म्हणाली, "काका, तुम्ही टोचून घ्यायला आलाय की इन्स्पेक्शनला?" धनुर्वात, कांजिण्या, फ्लू, न्यूमोनिया, एकेक लस त्यांनी दंड सैल सोडून विद्यार्थ्यासारखी घेतली. नंतर अर्धा तास बसायचं म्हणजे बसायचं, म्हणून शेजारच्या दोन अनोळखी अर्जदारांनाही त्यांनी बसवून ठेवलं.

इथवर मी हसत लिहिलं. आता जे सांगायचं आहे ते मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही.

हे सगळं लसींचं झालं, पण त्याआधी काकू एक्स-रेसाठी आत गेल्या होत्या तेव्हा पूर्वीच्या आजारांचा फॉर्म काकांच्या हातात आला होता. टीबीच्या ओळीवर त्यांनी लगेच "हो"कडे पेन नेलं. मी त्यांचं मनगट धरलं. "काका, चाळीस वर्षं झाली त्याला. कशाला उगाच? लिहिलंत तर अडकून पडाल. काकूंना एकटीला जावं लागेल." काकूंचं नाव मी मुद्दाम घेतलं होतं. काका एक्स-रेच्या बंद दाराकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू म्हणतोस तर..." आणि त्यांनी "नाही"वर खूण केली. मला त्या क्षणी चक्क हुशार असल्यासारखं वाटलं.

फुप्फुसाला माझी हुशारी ठाऊक नव्हती. काकांच्या एक्स-रेत उजवीकडे वरच्या बाजूला जुना डाग स्पष्ट दिसला. लसी टोचून झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावलं. वयाने त्या काकांच्या लेकीएवढ्या असतील. "टीबीचा इलाज झालाय?"

"हो. पूर्ण."

"मग इथे 'नाही' का लिहिलं?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "चुकलं माझं," ते म्हणाले. त्यांनी फॉर्म मागून घेतला, "नाही"वर एक रेघ मारली, "हो" लिहिलं आणि बाजूला सही केली. डॉक्टर समजुतीने म्हणाल्या की तीन दिवस थुंकी तपासावी लागेल आणि तिच्या कल्चरला, म्हणजे त्यात जंतू वाढतात का ते बघायला, दोन महिने लागतील. "आधी लिहिलं असतंत तरी हे करावंच लागलं असतं, काका." म्हणजे माझ्या सल्ल्याने एक दिवसही वाचणार नव्हता. फक्त एका माणसाकडून आयुष्यातलं पहिलं खोटं वदवून झालं होतं.

परतताना, काका लिहायला विसरले असंच समजून काकू मागे डुलकी घेत होत्या. मी हळूच म्हटलं, "काका, मी तुम्हाला..." त्यांनी समोरच्या रस्त्यावर नजर ठेवून म्हटलं, "पेन माझ्या हातात होतं."

पुढचे तीन दिवस पहाटे मी त्यांना मुंबईला नेलं. तिथेही त्यांनी बाकीच्यांचा वर्ग घेतला, "तोंडातली थुंकी नको, छातीतून खाकरा!" काकूंचा व्हिसा आला. बाळंतपण थांबणार नव्हतं, म्हणून त्या एकट्याच गेल्या. आयुष्यात पहिल्यांदाच विमानात बसत होत्या, पदराला पासपोर्टची पिशवी पिनेने टाचून. त्यानंतर दोन महिने काका आमच्याकडे जेवले. नात झाली ती त्यांनी आमच्या सोफ्यावर बसून माझ्या फोनवर पाहिली. मग चष्मा पुसायला गॅलरीत गेले. जेवताना मात्र माझ्या बायकोला म्हणाले, "आमटी छान झालीय गं," आणि तिला माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढायला सांगितलं.

रिपोर्ट स्वच्छ आला. काकाही गेले. समोरच्या दाराला आता कुलूप असतं.

दर रविवारी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. नात मांडीवर असते आणि काकूंची ठरलेली तक्रार सुरू होते, "बघ ना रे, पोह्यांच्या आधी टीबी सांगणारा माणूस, आणि नेमका तिथे विसरला! माझ्या नातीच्या बारशाला मी एकटी!" काका ऐकून घेतात, हसतात. मी दर वेळी ठरवतो, आज काकूंना सांगायचंच. मागच्या रविवारी तर मी सुरुवातही केली. "काकू, त्या दिवशी काका विसरले नव्हते..."

"अरे, आवाज तुटतोय तुझा," काका मध्येच म्हणाले. "नेटवर्क गेलं वाटतं." आणि त्यांनी कॉल बंद केला.

त्यांचा आवाज अगदी स्वच्छ येत होता. आयुष्यातलं दुसरं खोटंही ते माझ्यापायीच बोलले.