नावाचा रकाना

पोस्टातल्या बाईंनी लेकीचा जन्मदाखला उलटसुलट करून पाहिला आणि काचेखालून परत सरकवला. "यावर मुलीचं नावच नाही," त्या म्हणाल्या. माझ्या बायकोला आधी वाटलं, त्या दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. मग तिने दाखला उचलून वाचला. आईवडलांची नावं, तारीख, हॉस्पिटल, सगळं जागच्या जागी होतं. नावाचा रकाना तेवढा कोरा.

"हे काय रे?"

"राहिलं वाटतं," मी म्हणालो.

वाटतं कसलं! राहिलं नव्हतं, मी ठेवलं होतं.

आम्ही आलो होतो मुलींच्या शिक्षणासाठीचं सरकारी खातं उघडायला. मुलगी दहा वर्षांची व्हायच्या आत ते उघडावं लागतं. मग दरवर्षी आपण भरत राहायचं आणि अठरा पूर्ण झाली की कॉलेजसाठी त्यातून काढायचं. लेक पाच वर्षांची झाल्यापासून बायको माझ्या मागे लागली होती आणि मी "पुढे बघू" म्हणत होतो. गळक्या नळापासून आईच्या मोतीबिंदूपर्यंत सगळ्याला माझं हेच उत्तर असतं. आता दहाव्या वाढदिवसाला बरोबर तीन आठवडे उरले होते. "नाव टाकून आणा," बाई म्हणाल्या, "पण वाढदिवसाच्या आत. नंतर सिस्टीम घेत नाही."

आमच्याकडे बारशाला नाव आत्या ठेवते. बायकोने सातव्या महिन्यातच एक नाव पक्कं केलं होतं आणि ते माझ्या ताईच्या कानावर घालायचं काम माझं होतं. ताईच्या मनात दुसरंच नाव आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मी गप्प बसलो. होईल काहीतरी ऐनवेळी, असं वाटलं. ऐनवेळी ताई पाळण्यात वाकली, बायकांचे पाठीत धपाटे खात बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि आपलं नाव जाहीर केलं. बायकोचा चेहरा पडला. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरात दोघींची जुंपली, ती थेट ताई पर्स उचलून निघून जाईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात मी जन्माची नोंद करायला वॉर्ड ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने सांगितलं, नाव आत्ता नाही टाकलंत तरी चालेल, नंतर टाकता येतं. एवढा आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता. घरी येऊन बायकोला म्हणालो, झालं काम. ताईने फोनवर विचारलं, तिलाही म्हणालो, झालं काम. दोघी आपापल्या परीने धरून चालल्या की दाखल्यावर आपलंच नाव आहे. दाखला माझ्या फाइलीत, फाइल कपाटाच्या वरच्या खणात. आधार हॉस्पिटलच्या कागदावर निघालं. त्यावर आणि शाळेत बायकोने ठरवलेलं नाव लागलं. ताई म्हणायची, शाळेत काय लावायचं ते लावा, दाखल्यावर माझं आहे. ती आमच्याकडे यायची बंद झाली होती. मीच लेकीला घेऊन तिच्याकडे जायचो. तिथे ताई तिला आपण ठेवलेल्या नावाने हाक मारायची आणि पोर दोन्ही नावांना ओ द्यायची.

नाव टाकण्याचा फॉर्म मी दुसऱ्याच दिवशी आणला. बायकोने तो रात्रीच्या जेवणाआधी भरला, सही केली, माझी घेतली. "सकाळी ऑफिसला जाताना देऊन टाक." नवरा इतका भित्रा असेल असं तिला वाटलं नसावं, नाहीतर ती स्वतः गेली असती.

तो फॉर्म सात दिवस माझ्या बॅगेत फिरला. ताईला सांगितल्याशिवाय तो द्यायचा नाही असं मी ठरवलं होतं आणि ताईला सांगायची हिंमत होत नव्हती. वॉर्ड ऑफिसच्या फाटकापर्यंत जायचो, समोर चहा प्यायचो, मुलुंड स्टेशन गाठायचो. एकदा तर आत जाऊन रांगेत उभा राहिलो आणि पुढे दोन माणसं उरली तशी फोन आल्याचं सोंग करून बाहेर पडलो. अंधेरीतल्या ऑफिसात जागेवर बसवत नव्हतं. दर अर्ध्या तासाने उठून बाटली भरायचो, भरलेलीच परत भरायचो. बायको विचारायची, "दिलास ना?" मी म्हणायचो, "चालू आहे."

शेवटी एका गुरुवारी अर्धी रजा टाकून चारकोपला ताईकडे गेलो. तिने दार उघडलं. "काय रे, आज मधल्याच वारी? पोरगी कुठाय?"

मी चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. खातं, दाखला, कोरा रकाना, फॉर्मवरचं नाव. ताई भिंतीला टेकून ऐकत होती.

"म्हणजे माझं नाव कागदावर कधी नव्हतंच?"

"कुणाचंच नव्हतं."

"अरे, कागदावर आपलं आहे एवढ्यावर मी दहा वर्षं तोंड बंद ठेवलं. तेव्हाच सांगितलं असतंस की तिचं लावलं, तर महिनाभर भांडले असते आणि विसरले असते." तिचे डोळे भरले होते. ते पदराने पुसत तिने विचारलं, "फॉर्म दिलास?"

"नाही. म्हटलं आधी तुला..."

"मेल्या, मग इथे काय करतोयस? जा! पोरीचं नुकसान करशील."

तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. मी मुलुंडला पोचलो तोवर ऑफिस बंद झालं होतं.

फॉर्म शुक्रवारी दिला. आठ ते दहा कामाचे दिवस, असं उत्तर मिळालं. नववा दिवस म्हणजे वाढदिवस. मी रोज सकाळी जाऊन विचारू लागलो. खिडकीवरचा माणूस मला बघून लांबूनच मान हलवायचा. त्याचा काही दोष नव्हता, तो त्याच्या गतीने बरोबर चालला होता.

दाखला नवव्या दिवशी मिळाला. तिथून रिक्षाने तडक पोस्टात गेलो. त्याच बाई होत्या. त्यांनी दाखला पाहिला, नाव वाचून हसल्या, मग तारखेवर बोट ठेवलं.

"आज दहा पूर्ण झाली हो."

"नाही, अजून नाही," मी म्हणालो. "ती रात्री पावणेदहाला झाली. अजून नऊच्या वर आहे, दहाच्या आत आहे. हॉस्पिटलचा कागद आणून दाखवतो."

मागे कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "साहेब, मला कळतंय. पण सिस्टीम तारीख बघते, वेळ नाही बघत." त्यांनी मला दुसऱ्या एका खात्याचा फॉर्म दिला. ते कुठल्याही लहान मुलाच्या नावाने निघतं, व्याज थोडं कमी. मी फॉर्म घेऊन बाहेर पायरीवर येऊन उभा राहिलो. मला स्वतःची इतकी चीड आली होती की कुणीतरी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी बिल्डिंगमधली मुलं जमली होती. केक टेबलावर होता आणि बायको मेणबत्त्या खोचत होती. मला बघून तिने विचारलं, "काढलंस?"

"नाही. एका दिवसाने हुकलं. फॉर्म आधी सात दिवस माझ्याच बॅगेत पडला होता."

हातातली मेणबत्ती तिने वाकडी खोचली, काढली, पुन्हा खोचली. लेकीने सगळं ऐकलं होतं.

"कसलं खातं, बाबा?"

"तुझ्या कॉलेजचं."

"मग आता मी कॉलेजला नाही जाणार?"

"जाशील ना. दुसरं खातं काढतोय. उद्याच."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणालो.

सुरी हातात धरून ती थांबली आणि तिने आईकडे पाहिलं. आईने मान डोलावली, तेव्हा तिने केक कापला.