आतून कडी

खोली बघायला गेले की घरमालक आधी पंखा लावून दाखवतात. मग नळ, मग गच्चीवर जायचा जिना. मी मान डोलावते, दार लोटते आणि आतून कडी लावून बघते. ती नीट बसली तर पुढचं बोलणं. नाही बसली तर पंखा कितीही गरगर फिरू दे, मी पायात चप्पल घालते. हिंगोलीतले निम्मे घरमालक मला ‘कडीवाल्या बाई’ म्हणूनच ओळखतात. बालगृहात वाढलेल्या, अठरा पूर्ण झाल्यावर बाहेर पडणाऱ्या मुलींना राहायला जागा शोधून द्यायची, हे माझं काम. सुरुवातीचं भाडं संस्था भरते, पुढचं मुलगी कमावून भरते. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘मुलगी कोणाची?’ या प्रश्नाला उत्तर नसलं की रिकामी खोलीसुद्धा एकाएकी कुणाला तरी आधीच दिलेली निघते.

मी स्वतः अशीच एक मुलगी होते. हिंगोली अजून परभणी जिल्ह्यात होती तेव्हाची गोष्ट.

बालगृह काही वाईट नव्हतं, उगाच कुणी डोळे पुसू नयेत. पोटभर जेवण होतं, शाळा होती, शिवणकाम शिकवायचे. फक्त दारांना आतून कडी नव्हती. फार पूर्वी एक मुलगी रागाच्या भरात आत कोंडून घेऊन बसली, दार तोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी सुतार आला आणि झाडून सगळ्या दारांच्या आतल्या कड्या काढून घेऊन गेला. स्क्रूची भोकं तेवढी राहिली. ती आम्ही साबणाच्या चिपांनी बुजवायचो. न्हाणीघराचीही तीच गत. म्हणून प्रत्येकीची एक ‘दाराची मैत्रीण’ असायची. एक अंघोळ करायची, दुसरी बाहेर दाराला पाठ लावून बसायची, मग अदलाबदल. भांडण झालं की पहिली धमकी ठरलेली, ‘उद्या तुझ्या दाराला बसणार नाही, जा.’ देखरेखीच्या बाई कधीही दार ढकलून आत यायच्या, आमची डोकी मोजायच्या आणि जायच्या. यात काही वेगळं आहे, असं मला कधी वाटलंच नाही.

अठरावं सरलं तसं मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या अधीक्षक बाईंनी, मला बोलावलं. एक स्थळ आलं होतं. माझ्या दुप्पट वयाचा बिजवर, त्याला घरात भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं होतं. मी म्हटलं, “मी शिवणकाम करीन, एकटी राहीन.”

“राहशील कुठं?”

“तुम्ही शोधा.”

उद्धट होतेच मी, अजूनही आहे. पण बाईंनी खरंच जागा शोधली. कुरुंद्याला त्यांच्या ओळखीचं एक शिलाईचं दुकान होतं, आणि त्याच गल्लीत शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्या एका मावशींची मागची खोली. भाड्यासाठी बाई संस्थेच्या मंडळाशी चांगल्याच भांडल्या. मला जीपमध्ये बसवताना मात्र दुसरीकडे बघत म्हणाल्या, “ही खोली सांभाळ. गेली तर तुला परत आत घेता येत नाही, नियम आहे. मग ते स्थळच उरतं बघ.”

मावशी एकट्याच राहायच्या. नवरा वारलेला, लेक नांदेडकडे दिलेली. आवाज असा की शेळीला हाक मारली तर गल्लीतली पोरं घरी पळायची. त्यांनी मला ‘कोणाची’ असं विचारलं नाही. “भाकरी येती का थापता?” एवढंच विचारलं. मी ‘येते’ म्हटलं. “मंग राहा.”

राहणं तसं जमत नव्हतंच. संडासला जायचं तरी मी विचारायचे, “मावशी, जाऊ का?” पहिले काही दिवस त्यांनी ऐकून घेतलं, मग वैतागल्या. “मला काहून इचारून राहिली? जा की बाई! तुझं पोट, तुझा तांब्या!” बालगृहात माझी स्वयंपाकाची पाळी म्हणजे अख्ख्या पंगतीला रांधायचं, त्यामुळे एकटीपुरता भात मला करताच यायचा नाही. उरलेला शेळ्या खायच्या. मावशी म्हणायच्या, “भाडं तू देती का माझ्या शेळ्या?”

सगळ्यात अवघड होती झोप. जन्मभर मी ओळीत झोपलेली, दोन्ही बाजूंना कुणाची तरी कोपरं. इथं हात पसरला की नुसती सारवलेली जमीन लागायची. मला भयंकर एकटं वाटायचं, आणि ते सांगायची लाज वाटायची. एका पहाटे जाग आली तर पायाशी काहीतरी ऊबदार होतं. मावशींचं नुकतं जन्मलेलं करडू दार ढकलून आत आलं होतं आणि माझ्या गोधडीवर मुटकुळं करून झोपलं होतं. मी पाय हलवला नाही. ते रोज येऊ लागलं, आणि मावशी उठायच्या आत मी त्याला गुपचूप बाहेर सोडू लागले.

गावात हळद शिजवायचे दिवस होते. दिवसभर सगळीकडे वाफ आणि वास. दुकानात मालाची घाई होती, एक दिवस मी दमून मेल्यासारखी झोपले. जाग आली ती मावशींच्या बोंबेनं. “लांडग्यानं नेलं वं माय! माझं करडू नेलं!” गल्ली गोळा झाली. कुणी काठी घेऊन आलं, कुणी हळदीनं पिवळ्या झालेल्या हातांनी तसंच धावत आलं. तेवढ्यात माझ्या खोलीतून करडू ‘मेंऽ’ करून ओरडलं.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशींनी ढकललं आणि सगळ्या गल्लीनं बघितलं. मी गोधडीवर केस विस्कटून बसलेली, मांडीवर करडू.

आधी सगळे हसले. मग समोरच्या घरातली बाई म्हणाली, “करडू आत कसं गेलं पण? रातच्याला दार उघडंच ऱ्हातं व्हय? कोनासाठी?”

हसणं थांबलं. एकटी पोरगी, आई-बाप नाहीत, आणि दाराला कडी नाही लावलेली. मावशींनी करडू उचललं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सांजच्याला बोलू.”

दुकानात त्या दिवशी मी एका ब्लाउजची बाही उलटी लावली. दुपारीच परत येऊन पेटी भरली. दोन साड्या, कात्री, टेप. खोली गेली हे मी मनाशी धरूनच चालले होते. आता तो बिजवरच उरला होता.

दिवेलागणीला मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. “पेटी कुनी बांधाया सांगितली?”

“तुम्ही जा म्हणायच्या आधी मीच जाते.”

“गप. आधी सांग, तू दार काहून लावत न्हाई?”

“तिथं आतून कडी नव्हती.”

“कोनत्या दाराला?”

“कोणत्याच.”

“न्हानीला?”

मग मी त्यांना दाराच्या मैत्रिणीचं सांगितलं. वाटलं, हसतील. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि कितीतरी वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग उठून बाहेर गेल्या, दार ओढून घेतलं आणि तिकडून म्हणाल्या, “लाव कडी.”

लावली. गंजलेली होती, करकरली.

त्यांनी दार वाजवलं. मी लगेच उघडलं.

“काहून उघडलं?”

“तुम्ही वाजवलं म्हणून.”

“मी वाजवीन, समोरची वाजवंल. म्हनून काय उघडायचं? तुला वाटलं तर उघडायचं, न्हाई तर न्हाई. पुन्ना लाव.”

मी पुन्हा लावली. या वेळी त्यांनी थाप मारली. “पोरी, दार उघड!” माझा हात आपोआप कडीवर गेला. “उघड म्हनून राहिले ना!” तोच शेळ्यांना हाकारायचा आवाज. मोठं माणूस दाराबाहेर उभं राहून हाक मारतंय आणि मी उघडत नाही, असं आयुष्यात कधी झालं नव्हतं. मी हात मागे घेतला.

“नाही उघडत,” मी म्हटलं, आणि रडायला लागले.

“बराबर,” मावशी म्हणाल्या. मग समोरच्या घराकडे तोंड करून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडल्या, “पोरगी कडी लावून बसली हाय माझी! कोनाला काई काम असंल तर आधी माझं दार वाजवा!”

त्यांची पावलं शेळ्यांकडे गेली. मी पेटीतून साड्या काढून पुन्हा दोरीवर टाकल्या. थोड्या वेळानं दाराशी खुडबुड झाली. करडू होतं. आपलं नेहमीचं दार ढकलत होतं आणि ते उघडत का नाही म्हणून ओरडत होतं. मी जरा वेळ त्याचं ओरडणं ऐकत बसले.

मग उठून कडी काढली. मला वाटलं म्हणून.