मधेच तोडलेला प्रश्न

क्विझमध्ये प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर द्यायचं असतं, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सरांना विचारलं होतं, "मग उरलेल्या प्रश्नाचं काय होतं?" सर हसले. मला मात्र खरंच जाणून घ्यायचं होतं. मी चिखल्याच्या खाण कॉलनीतली. बाबा पाळी संपवून वर आले, की आज खाली काय दिसलं, कोण काय बोललं, हे विचारून मी त्यांचा जेवणाचा घास अडवायची. कॉलेजच्या क्विझ संघात मला घेतलं ते बहुधा या भोचकपणामुळेच.

त्या वर्षी कसं कोण जाणे, कॉलेजांची राष्ट्रीय क्विझ स्पर्धा भंडाऱ्यात भरली. दिल्लीची, कोलकात्याची, कोचीची पोरं आमच्याकडे उतरली आणि माझी चंगळ झाली. कोण काय खातं, कुठल्या भाषेत भांडतं, सगळं मी न्याहाळून घेतलं. त्यांची बोटं बझरवर अशी टेकलेली असत, जशी मांजर बिळापाशी दबा धरून बसते. प्रश्न सुरू होताना अवघड असायचा, पुढे पुढे सोपा होत जायचा. जो लवकर बझर दाबेल, त्याला उत्तराची संधी. चुकला, तर दुसरा संघ उरलेला प्रश्न निवांत ऐकणार. पण पहिल्यानंच बरोबर सांगितलं, तर उरलेलं कुणी वाचतच नसे. माझा जीव त्या न वाचलेल्या ओळींत अडकायचा. एकदा चहाच्या वेळी मी क्विझमास्तरांच्या मागे लागून पाच-सहा प्रश्नांच्या शेपट्या वाचूनही घेतल्या.

आमची कॅप्टन लाखांदूरकडची, शेवटच्या वर्षाला होती. आमच्यात सगळ्यात जास्त तिला यायचं आणि सगळ्यात कमी गुण तिच्याच नावावर असायचे, कारण ती प्रश्न संपायची वाट बघायची. मोठं माणूस बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे तिच्या घरी इतकं मुरलेलं, की तिचा हातच उठत नसे. सराव आम्ही सायकलच्या घंट्या टेबलावर ठेवून करायचो. सर प्रश्न वाचत, उत्तर तिच्या डोळ्यांत लख्ख दिसे आणि घंटी मुकी. सर वैतागत. "अवं, मी का तुया आजा आहो? तोड न मले मधातच!"

ती नुसती हसायची.

तिला पुढे एम.ए.साठी पुण्याला जायचं होतं. वडील नव्हते, आईचा शब्द शेवटचा. आणि आईचं एकच म्हणणं होतं, की घरात चार शब्द न बोलणारी पोरगी तिकडे परक्या मुलखात निभावणार कशी? "आधी पाहू दे मले, लोकाईसमोर तुया तोंडातून शब्द निघते का नाई," असं म्हणून त्या उपांत्य फेरीच्या दिवशी एसटीनं आल्या. सरांना जयभीम करून मागच्या रांगेत बसल्या. मला कॅप्टनची दया येत होती.

समोर कोचीचा संघ होता. शेवटच्या प्रश्नापर्यंत दोघं बरोबरीत. क्विझमास्तर कोट घातलेले, भारदस्त आवाजाचे. यजमानांचा मान म्हणून त्यांनी आमच्या भागातला प्रश्न काढला असावा. "महाराष्ट्रातल्या या जिल्ह्यात एक जुना, मोठा तलाव आहे. सात टेकड्यांच्या कुशीत तो कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला आणि त्याच्या..."

बझर वाजला. मी कोचीवाल्यांकडे बघितलं. त्यांची बोटं जागच्या जागी होती. वाजवला होता आमच्या कॅप्टननं!

"भंडारा," ती म्हणाली, खणखणीत आवाजात.

सगळ्या सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. मीही टेबल बडवलं. तो तलाव म्हणजे नवेगावचा बांध, तिच्या आईचं माहेर त्याच्याच अंगाला, उन्हाळ्याच्या सुट्ट्या तिनं तिथं काढलेल्या. आणखी काय हवं!

टाळ्या थांबेपर्यंत क्विझमास्तर थांबले आणि उत्तर चूक असल्याचं सांगून उरलेला प्रश्न कोचीवाल्यांना वाचून दाखवला. "...काठावर राष्ट्रीय उद्यान आहे. भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा कोणता?" त्या पोरांनी तो बांध नकाशाखेरीज कुठं बघितला असेल! पण त्यांनी बरोबर सांगितलं. गोंदिया.

मागून कुणीतरी मोठ्यांदा म्हणालं, "अरे हो, थो तं तिकडे गेला नं!" जिल्हा फुटलाय हे काय आम्हाला ठाऊक नव्हतं? गाड्यांचे नंबरसुद्धा बदलले होते. पण सोयरिकी तिकडेच, मामाची गावं तिकडेच. बोलताना अजून आमचा सगळा मुलूख भंडाराच होता. टाळ्या वाजवणाऱ्या एकालाही शंका आली नव्हती.

आम्ही हरलो. कॅप्टन बाहेर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन रडत उभी राहिली. तिची आई तिकडे जाताना दिसली, तशी मीही सरकले. राहवलंच नाही.

"कायले रडून राहिली?"

"मायामुळं हरले नं सारे."

"थे समजलं मले." मग त्यांनी विचारलं, "थो कोटवाला बोलून राहिला होता. त्याचं बोलणं पुरं झालं होतं का?"

"नाही."

"मंग तूनं त्याले मधातच तोडलं?"

कॅप्टननं मान खाली घातली. आता हिला बोलणी बसणार, असं मला वाटलं.

"एवढ्या लोकाईत?"

"हो."

आई पुढे झाल्या. मग पदरानं तिचं तोंड पुसून म्हणाल्या, "पुण्याले केव्हा जाचं आहे?"