जंगल कॉलेजची आडवाट

"फुगव! आरं, फुगव छाती! हवा न्हाई व्हय तुज्यात?"

मामा ओरडत होते, मी पिठाच्या गिरणीत उघडाबंब उभा होतो आणि दळणाला आलेल्या बायका माझ्या बरगड्या मोजत होत्या. मामांनी पोत्याची सुतळी माझ्या छातीभोवती धरली होती. मी जीव खाऊन श्वास ओढला, त्याबरोबर मूठभर पीठही ओढलं आणि अशी शिंक दिली की सुतळी मामांच्या हातातून निसटली. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो वाघ राखनार? वाघच ह्याला राखंल."

मामा म्हणजे माझ्या आईचे चुलतभाऊ. विंझरला त्यांची डिझेलवरची गिरणी होती. इंजिनाशी स्पर्धा करून करून त्यांच्याकडे हळू बोलणं उरलंच नव्हतं. इंटर सायन्सला माझं गणित गेलं, हे मी फक्त त्यांच्या कानात सांगितलं होतं. त्यांनी "कितीऽ? अकराऽ?" एवढंच विचारलं, संध्याकाळपर्यंत शेजारच्या पाली गावच्या म्हशींनासुद्धा माझे मार्क पाठ झाले.

गावात त्यांना 'आडवाटे' म्हणत. खरं आडनाव पोस्टमनलाही आठवत नसे. मामा आयुष्यात सडकेनं चालले नाहीत. "सडक यष्टीसाटी. मानसाला पाय दिल्यात," असं म्हणून ते कुठलाही डोंगर मधोमध कापत. नसरापूरला ते यष्टीच्या आधी पोचतात, चहा पितात आणि यष्टी आली की तिला हात करतात, असं ते स्वतःच सांगत. मी एकदा हे डोळ्यांनी पाहिलं आहे. त्या दिवशी यष्टी वाटेत बंद पडली होती, पण तेवढ्यासाठी चांगली गोष्ट कशाला बिघडवा!

माझ्या पुढच्या शिक्षणाकडेही त्यांनी डोंगराकडे पाहावं तसंच पाहिलं. पुण्याहून आलेल्या प्रत्येकाला दळण होईपर्यंत अडवून ते विचारत, कुठल्या कॉलेजात शिरायला काय लागतं? मग निकाल जाहीर होई. "बी.एस्सी. म्हंजी सडक. पर नाक्यावर गनित बसलंय, त्ये तुला सोडायचं न्हाई." शेतकी कॉलेजात बापाच्या नावावर जमीन असली की बरं पडे, ती आमच्याकडे होती, पण तिथं जीवशास्त्रही लागे, आणि बेडूक फाडताना मला घेरी येते म्हणून मी ते आधीच सोडलं होतं. "बेडकाला भ्याला!" ही बातमी बहुधा तोरण्याच्या माचीपर्यंत ऐकू गेली असावी.

उरलं जंगल कॉलेज. तिथं विज्ञान शिकलेला मुलगा चाले आणि गणिताची चौकशी नव्हती. फक्त उंची, फुगवलेली छाती आणि ठरल्या वेळात लांबवर चालून दाखवणं. मामांनी टाळीच वाजवली. "चालायचं? सायबानं आपल्या घरचाच पेपर काढलाय!" हेही हुकलं तर काय, ते वडिलांनी बोलून दाखवलं नव्हतं. त्यांनी नुसता नांगर ओसरीवर आणून ठेवला होता.

मामांनी मला महिनाभर नाचणीच्या भाकरीवर आणि दुधावर पोसलं. छाती बोटभर वाढली, पोट वीतभर. तरी मापाच्या दिवशी श्वास कोंडून मी कसाबसा पास झालो. साहेबांनी "सोडा श्वास" म्हणेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकून गेले होते.

दुसऱ्या दिवशी चालण्याची परीक्षा, पुण्याबाहेरच्या एका घाटात. वरून निघायचं, वळणं घेत खाली उतरायचं. मामांनी आदल्या दिवशीच तो घाट हुंगून ठेवला होता. माझ्या कानाशी येऊन ते त्यांच्या मते कुजबुजले, "त्या जांभळीपासनं खाली सुट!" सगळ्या उमेदवारांनी जांभळीकडे पाहिलं, पण पुण्याची शहाणी मुलं ती, सडकेनं गेली. मी सुटलो. करवंदीच्या जाळ्यांतून अर्धा चालत, अर्धा घसरत, उरलेला बसून, थेट पायथ्याशी मांडलेल्या साहेबांच्या टेबलापुढे उतरलो. साहेबांचा चहा अजून कपात ओतायचा होता.

"शिक्के कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. प्रत्येक वळणावर शिपाई हातावर शिक्का मारत होता म्हणे.

"साहेब, शिपाई सडकेवर होते. मी सडकेवर नव्हतोच."

तेवढ्यात मागच्या झाडीतून मामा उगवले. "पोरगं पयलं आलं का न्हाई?"

"आलं. पण ठरल्या वाटेनं नाही."

"जंगलात नोकरी द्यायची, आन् जंगलातनं आला म्हनून हाकलायचा? आवं सायेब, चोर काय सडकेनं लाकडं न्हेत्यात?"

साहेब हसले. चांगला माणूस. मामांना त्यांनी आपला चहा दिला आणि माझ्या नावावर काट मारली.

यष्टीची वाट बघत आम्ही दगडावर बसलो. मामा माझ्या पोटऱ्यांतले काटे काढत होते, एकेक काटा उजेडात धरून बघत होते. मला खात्री होती, हा माणूस काटे संपायच्या आत चौथं कॉलेज शोधून काढणार. शेवटी न राहवून मीच विचारलं, "मामा, आता कुठनं जायचं?"

"गनिताला परत बस," मामा म्हणाले.